मंत्राची मर्यादा, औषधाची मात्रा

फुप्फुस हे ‘उघडं भांडं’ आहे का? वैद्यकीय महाविद्यालयाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळणारी जगभरातली मंडळी गेली कित्येक वर्षं त्यावरून हमरीतुमरीवर येत आहेत. या खेळात पुरोहिताची भूमिका घेणाऱ्या खेळाडूला पाणी निर्माण करण्याचा एक साधा, पहिल्या पायरीचा मंत्र मिळतो. तीस फुटांच्या आतल्या एखाद्या उघड्या भांड्यात दहा गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, स्वच्छ पाणी तयार होतं, असं त्याचं वर्णन आहे. तहानलेल्या प्रवाशांची सोय व्हावी एवढाच त्याचा हेतू. पण एखादा चतुर खेळाडू समोरच्या राक्षसाकडे बोट दाखवून म्हणतो, “त्याचं तोंड उघडं आहे. तोंडातून श्वासनलिका, श्वासनलिकेतून फुप्फुस. म्हणजे फुप्फुस हे उघडं भांडं झालं. मी त्यात पाणी भरतो. मेला राक्षस!” आणि टेबलाभोवती गोंधळ सुरू होतो.

वाद गमतीचा वाटला, तरी तो ज्या तीन गोष्टींभोवती फिरतो त्या प्रत्येक दवाखान्यात रोज समोर येतात. उपाय नेमका काय करतो, काय करत नाही, आणि ते ठरवायचं कोणी?

खेळ काय आहे?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित केला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. तो गोष्ट सांगतो, राक्षस आणि गावकरी उभे करतो आणि नियमांचा निवाडाही करतो. बाकीचे योद्धा, चोर, पुरोहित, जादूगार अशा भूमिका घेतात. आपलं पात्र काय करणार हे खेळाडू तोंडाने सांगतो आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. पुण्या-मुंबईतल्या बोर्ड गेम कॅफेंमध्येही आता असे गट दिसतात.

या खेळातली जादू मोजूनमापून दिलेली असते. मंत्रांना नववीपर्यंत पायऱ्या असतात. तो म्हणायला किती वेळ लागतो, किती अंतरावर चालतो, कोणत्या वस्तू लागतात, परिणाम किती वेळ टिकतो, हे सगळं लिहिलेलं असतं. दिवसाला किती मंत्र म्हणता येतील तेही ठरलेलं. सुरुवातीच्या नियमांत तर मंत्र एकदा वापरला की जादूगाराच्या डोक्यातून तो पुसलाच जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डायिंग अर्थ’ या पुस्तकावरून घेतलेली होती.

औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली पत्रिका ज्यांनी कधी उलगडून वाचली आहे, त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. कोणत्या आजारासाठी, किती मात्रा, किती वेळाने, किती दिवस, कोणाला देऊ नये. औषधाला मर्यादा आखून दिल्या नाहीत तर रुग्णाचं नुकसान होतं. मंत्राला मर्यादा नसेल तर खेळच संपतो, कारण एका मंत्राने सगळं होणार असेल तर बाकीच्या पाच जणांनी टेबलाशी बसायचं कशाला?

फुप्फुसाचा निवाडा

आता त्या राक्षसाच्या फुप्फुसाकडे वळू. शरीररचनेच्या दृष्टीने फुप्फुस म्हणजे हवेने भरलेली रिकामी पिशवी नव्हे. श्वासनलिका दोन शाखांत फुटते, त्या पुन्हा फुटतात, आणि अशा सुमारे २३ विभागण्यांनंतर हवा वायुकोशांपर्यंत पोचते. माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. घागरीपेक्षा स्पंजाशी त्याचं नातं जवळचं. धडधाकट पुरुषाच्या फुप्फुसांत पूर्ण श्वास घेतल्यावर जेमतेम सहा लिटर हवा मावते, तिथे ३८ लिटर पाण्याचा प्रश्नच येत नाही. वाटेत स्वरतंतूंचं दार असतं. ते गिळताना मिटतं आणि पाण्याचा थेंब लागला तरी आवळून बसतं.

खेळाडूचा अर्धा मुद्दा मात्र खरा आहे. फुप्फुसात शिरलेलं थोडंसं पाणीही घातक ठरतं. वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आत साबणासारखा एक पातळ थर असतो. पाण्याने तो बिघडला की वायुकोश कोलमडतात आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला वरवर बरं वाटत असलं, तरी खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवतात ते यासाठीच.

पण पाणी फुप्फुसात गेल्यावर काय होतं हा एक प्रश्न आणि हा मंत्र पाणी तिथे नेऊ शकतो का हा दुसरा. जाणकार सूत्रधार या दोन प्रश्नांची सरमिसळ होऊ देत नाहीत. ते साधारण चार कसोट्या लावतात.

पहिली कसोटी शब्दाची. ‘भांडं’ म्हटल्यावर सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? बादली, घागर, पिंप. जिवंत प्राण्याचा अवयव कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही. दुसरी कसोटी नियमपुस्तकातल्या सर्वसाधारण अटींची. मंत्र म्हणणारा आणि त्याचं लक्ष्य यांच्यामध्ये मोकळी वाट हवी, अशी अट सगळ्याच मंत्रांना आहे. राक्षसाची छाती ही भिंतच झाली. तिसरी कसोटी तुलनेची. ज्याच्या शब्दानेच समोरचा मरतो असा मंत्र खेळात आहे, पण तो नवव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा आहे. आणि त्यालाही मर्यादा आहे. ज्याच्यात शंभरापेक्षा जास्त जीवनगुण शिल्लक आहेत, तो त्या शब्दाने थेट मरत नाही. मग तेच काम पहिल्या पायरीचा पाण्याचा मंत्र कसं करील?

चौथी कसोटी सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत परिणामकारक. सूत्रधार फक्त एवढंच म्हणतो, “चालेल. पण मग शत्रूच्या पुरोहितालाही हा मंत्र येतो. पुढच्या लढाईत तो पहिल्याच फटक्यात तुमच्या फुप्फुसात पाणी भरणार.” बहुतेक वेळा इथेच वाद मिटतो. जो अर्थ आपल्या फायद्यासाठी काढतो तोच आपल्याविरुद्धही लागू होईल हे लक्षात आलं, की माणसाची वाचनाची पद्धत सुधारते.

रक्तातलं लोखंड आणि एमआरआय

असाच दुसरा लाडका वाद धातू तापवण्याच्या मंत्राचा. शत्रूचं चिलखत किंवा तलवार लालबुंद करणारा हा दुसऱ्या पायरीचा मंत्र. “रक्तात लोह असतं ना? मग रक्तच तापवतो,” असं कोणीतरी म्हणतंच.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असतं, एखाद-दुसऱ्या छोट्या खिळ्याइतकं. त्यातलं बहुतांश रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. पण ते सुट्या अणूंच्या रूपात, प्रथिनाच्या कुशीत बांधलेलं असतं. तो धातूचा तुकडा नव्हे. मीठ खाताना आपण सोडियम नावाचा पाण्यात पेट घेणारा धातू खातो असं कोणी म्हणत नाही, तसंच हे. नियमातही दोन स्पष्ट शब्द आहेत: वस्तू ‘घडवलेली’ हवी आणि मंत्र म्हणणाऱ्याला ती ‘दिसायला’ हवी. रक्तातलं लोह दोन्ही अटींत नापास होतं. मांडीच्या हाडात घातलेला स्टीलचा रॉड घडवलेला असतो, पण दिसत नाही. हसताना चमकणारी दाढेची धातूची कॅप? तिथे मात्र सूत्रधाराला डोकं खाजवावं लागेल.

या वादातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. एमआरआय तपासणीला घाबरणारे अनेक जण विचारतात, “एवढं मोठं चुंबक, मग रक्तातलं लोह खेचलं जाणार नाही का?” नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही. प्राणवायू सोडलेल्या रक्तावर चुंबकाचा जो अगदी सूक्ष्म परिणाम होतो, त्याचाच उपयोग करून मेंदूचा कोणता भाग काम करतो आहे हे एमआरआयवर पाहता येतं. सांगायचं ते दुसरंच: पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, कामावर असताना डोळ्यात उडालेली लोखंडाची कीस. ‘घडवलेल्या’ वस्तूंची ही यादी तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगायलाच हवी, त्या दिसत नसल्या तरी.

रोग गेला, खूण राहिली

बरं करणाऱ्या मंत्रांचे वाद अधिक खोल आहेत. दुसऱ्या पायरीचा एक मंत्र आहे. २०१४ सालच्या आवृत्तीत त्याचं काम असं दिलं आहे: स्पर्श करून एक रोग संपवता येतो, किंवा आंधळेपणा, बहिरेपणा, लुळेपणा आणि विषबाधा यांपैकी एक अवस्था दूर करता येते. वाचायला सोपं वाटतं. पण ‘रोग’ म्हणजे काय? जन्मतः असलेलं व्यंग हा रोग का? म्हातारपण? ज्याचे डोळेच काढले गेले आहेत, त्याचा आंधळेपणा या मंत्राने जाईल का? तुटलेलं बोट किंवा पाय परत उगवण्यासाठी खेळात सातव्या पायरीचा वेगळा मंत्र दिलेला आहे. मग डोळे परत आणायचं काम दुसऱ्या पायरीच्या मंत्रावर सोपवणं बरोबर नाही, असं बहुतेक सूत्रधार ठरवतात. २०२४च्या सुधारित आवृत्तीत तर या मंत्रातून ‘रोग’ हा शब्दच वगळला आहे.

रोग संपणं आणि रोगाने केलेलं नुकसान भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नियमांमधून आपोआप शिकायला मिळतं. वैद्यकात हीच गोष्ट समजावताना जीव मेटाकुटीला येतो. कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि सहा ते बारा महिन्यांत जंतूंचा नायनाट करणं शक्य झालं. पण उपचाराला उशीर झाला असेल तर नसांना झालेली इजा राहते. बोटं वाकडी राहतात, तळपायाला चटका लागला तरी कळत नाही. मग रुग्ण म्हणतो, “औषधाचा काही उपयोग झाला नाही.” आणि शेजारी म्हणतात, “अजून रोग आहेच.” दोघंही चुकतात. औषधाने त्याच्या पायरीचं काम पूर्ण केलेलं असतं. वाकडी बोटं सरळ करणं हे शस्त्रक्रियेचं आणि फिजिओथेरपीचं काम, आणि बधिर पाय जपणं हे रोजच्या काळजीचं. क्षयरोगाची औषधं पूर्ण झाल्यावर छातीच्या एक्स-रेवर राहिलेला व्रण, पक्षाघातानंतर राहिलेला हाताचा अशक्तपणा, यांनाही हेच लागू होतं. प्रत्येक औषधाकडून ‘पूर्ववत’ होण्याची अपेक्षा धरली की चांगल्या औषधावरचाही विश्वास उडतो आणि माणूस मधेच उपचार सोडतो.

मेलेल्याला परत आणताना

सगळ्यांत कडक मर्यादा अर्थातच मृत्यूवरच्या मंत्रांना आहेत. तिसऱ्या पायरीचा मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आतच चालतो, आणि त्यासाठी ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्ची पडतात. पाचव्या पायरीचा मंत्र दहा दिवसांपर्यंत चालतो. सातव्या पायरीचा शंभर वर्षांपर्यंत, नवव्या पायरीचा दोनशे वर्षांपर्यंत, आणि त्याची किंमत २५ हजार सुवर्णमुद्रा. वेळ जितका गेला, तितकी किंमत चढत जाते. पाचव्या पायरीचा मंत्र जीवघेण्या जखमा बंद करतो, पण गमावलेला अवयव परत देत नाही. डोक्यासारखा जगायला आवश्यक अवयवच नसेल तर तो सपशेल फसतो. आणि म्हातारपणाने आलेला मृत्यू नवव्या पायरीच्या मंत्रालाही परतवता येत नाही.

या नियमांत मरण आणि मरणाचा उंबरठा यांतला फरकही नेमका आहे. जीवनगुण शून्यावर आले म्हणजे पात्र मेलं असं नाही. ते बेशुद्ध पडतं आणि प्रत्येक फेरीत वीस बाजूंचा फासा टाकतं. तीनदा यश आलं तर स्थिर, तीनदा अपयश आलं तर मृत्यू. दरम्यान एखादा सोबती जवळ आला आणि त्याने प्रथमोपचार नीट केले, तर मंत्राशिवायही जीव वाचतो.

खऱ्या आयुष्यातला हिशेबही वेळेचाच आहे. हृदय बंद पडल्यावर साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा व्हायला लागते. इथे पहिला सोबती म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस. त्याने १०८ क्रमांकाला फोन करायला सांगून छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं. हे कोणालाही शिकता येतं आणि त्याला हिरे लागत नाहीत.

पण त्याची मर्यादाही ठाऊक हवी. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या तीन लोकप्रिय मालिकांमध्ये छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवनाचे जे प्रसंग दाखवले गेले, त्यांत तात्काळ वाचणाऱ्यांचं प्रमाण तब्बल ७५ टक्के होतं. खऱ्या रुग्णालयात हा आकडा याच्या जवळपासही जात नाही. मालिकेतला रुग्ण डोळे उघडून लगेच बोलूही लागतो. खेळ याबाबतीत मालिकांपेक्षा प्रामाणिक म्हणायचा. मंत्राने परत आलेलं पात्र दुबळं असतं. त्याच्या प्रत्येक फाशातून चार गुण वजा होतात आणि रात्रभराच्या पूर्ण विश्रांतीनंतर ही वजाबाकी एकेकाने कमी होते. अतिदक्षता विभागातून घरी आलेल्या माणसाला जिना चढायला, बटण लावायला, रात्रीची झोप लागायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. घरच्यांनी “आता बरा झालास ना, मग?” असं म्हणण्यापूर्वी ही उणे चारची अट आठवायला हरकत नाही.

आणखी एक अट या मंत्रांत आहे, आणि तिच्याकडे घाईत वाचणाऱ्याचं लक्ष जात नाही. परत येण्याची त्या आत्म्याची तयारी असावी लागते. सोबत्यांची कितीही इच्छा असो, पैसा असो, जाणाऱ्याने नाही म्हटलं तर मंत्र चालत नाही. कल्पनेतल्या जादूलाही संमती लागते! भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. बरं होण्याची आशा उरली नसेल तेव्हा कृत्रिम उपाय करू नयेत, असं आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. तरीही बहुतेक घरांत हा विषय निघत नाही. आजोबा व्हेंटिलेटरवर गेल्यावर मुलं, सुना, भाचे अतिदक्षता विभागाबाहेर उभे राहून “काहीही करा, पण वाचवा” असं म्हणतात. आजोबांना काय हवं होतं, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते.

शब्द पाळायचा की हेतू?

नियम वाचणाऱ्यांचे या खेळात तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो, लिहिलंय तसं. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्याच्या मनात होतं तसं. तिसरा म्हणतो, सगळ्यांना मजा येईल तसं. अनुभवी सूत्रधार तिन्हींचा मेळ घालतो. खेळ सुरू असताना तो दोन मिनिटांत निर्णय देतो, आणि सविस्तर चर्चा खेळ संपल्यावर करतो. निर्णय बदलला तर तो सगळ्यांना सांगून, पुढच्या वेळेपासून लागू होतो.

शब्द आणि हेतू यांतली ही रस्सीखेच आपल्याला नवी नाही. हिरण्यकशिपूने वर मागताना किती काळजी घेतली होती! दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. त्याने एकेक फट बुजवली, आणि तरी संध्याकाळ, उंबरठा आणि नरसिंह उरलेच. भस्मासुराला मिळालेल्या वराला तर मर्यादाच नव्हती, आणि त्याचा हात शेवटी त्याच्याच डोक्यावर गेला. या खेळात नवव्या पायरीवर इच्छापूर्तीचा एक मंत्र आहे, तो याच जातीचा. मागाल ते मिळू शकतं, पण अर्थ लावायचा अधिकार सूत्रधाराचा. शत्रू मेलेला असावा अशी इच्छा केली, तर तो वारल्यानंतरच्या भविष्यकाळात जादूगारच फेकला जाऊ शकतो. शिवाय दुसऱ्या मंत्राची नक्कल सोडून काही वेगळं मागितलं, तर हा मंत्र पुन्हा कधीच म्हणता न येण्याचा धोका ३३ टक्के.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक पालकांना भीती वाटली होती की या खेळामुळे मुलं काळ्या जादूच्या आणि आत्मघाताच्या वाटेला लागतील. पुढे झालेल्या तपासण्यांत असा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. टेबलाशी बसलेल्या मुलांकडे पाहिलं तर ती बहुतेक वेळ मंत्रांच्या अटी वाचताना, बेरीज-वजाबाकी करताना आणि एकमेकांशी वाद घालताना दिसतात. जादू आहे असं धरून चालायचं आणि तरीही “नेमकं लिहिलंय काय?” असं विचारायचं, ही सवय वाईट नाही.

मर्यादा नसलेला मंत्र

कारण खरा धोका खेळाबाहेरच्या मंत्रांचा आहे. महाराष्ट्रात साप चावल्यावर आजही काही जणांना आधी मांत्रिकाकडे नेलं जातं. राज्याच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपाय करणं हा गुन्हा ठरवलेला आहे. मांत्रिकाच्या मंत्राचं वैशिष्ट्य असं की तो कोणत्याही सापावर, कितीही उशिरा, कोणालाही चालतो असं सांगितलं जातं. चाललं नाही तर दोष मंत्राचा कधीच नसतो. रुग्णाची श्रद्धा कमी पडली, घरात कोणीतरी नियम मोडला, अशी कारणं निघतात.

याउलट सर्पविषावरच्या इंजेक्शनाच्या मर्यादा छापलेल्या आहेत. भारतात वापरलं जाणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषाविरुद्ध तयार केलेलं असतं. ते रक्तात फिरणारं विष निकामी करतं, पण विषाने आधीच कुजवलेलं मांस परत आणू शकत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ते रुग्णालयात, देखरेखीखालीच द्यायचं. एवढ्या अटी ऐकून कोणाला वाटेल, मांत्रिकाचा उपाय बरा, त्याला अटीच नाहीत. पण अटी लिहिता येतात याचा अर्थ कोणीतरी तो उपाय तपासून पाहिलेला आहे, तो कुठे चालला आणि कुठे नाही याची नोंद ठेवलेली आहे. ज्या उपायाला मर्यादाच नाही, त्याची तपासणीच झालेली नसते.

हीच कसोटी साध्या गोष्टींनाही लावता येते. मोबाइलवर फिरणारा काढा, साखर मुळापासून घालवणारं चूर्ण, गुडघे पुन्हा तरुण करणारं तेल, आणि हो, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीसुद्धा. उपाय कोणताही असो, पाच प्रश्न विचारावेत. हा नेमका कशावर चालतो? किती मात्रेत? किती दिवस? कोणाला देऊ नये? आणि यातून काय बरं होणार नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं, तर पहिल्या चारांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. “सगळंच बरं होतं” असं उत्तर आलं, तर तिथून उठावं आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता धरावा.